हसू आणि आसू यांच्यामधली गल्ली

ब्रुसेल्स शहरात प्रत्येक रस्त्याला दोन नावे आहेत. कोपऱ्यावरच्या भिंतीवर निळी पाटी आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत एक नाव फ्रेंच, एक डच. सीमाभागात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या माणसाची नजर परक्या गावात आधी देवळाकडे वा राजवाड्याकडे जात नाही, ती पाटीकडे जाते. कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणते अक्षर मोठे, कोणते लहान, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातील शाळामास्तरास तर नाहीच नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत कन्येकडे ल्यूव्हन येथे महिनाभर मुक्काम झाला. ल्यूव्हन ते ब्रुसेल्स हा आगगाडीचा अर्ध्या तासाचा प्रवास. त्यामुळे ब्रुसेल्सला वारंवार जाणे घडले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर प्रवासी पुस्तकांतली स्थळे मागे पडून एका माणसाचा माग काढीत हिंडावे, असे मनाने घेतले. तो माणूस म्हणजे माउथ ऑर्गनचा विख्यात वादक टूट्स टीलमान्स. आपल्याकडे यात्रेत खेळण्यांच्या दुकानी मिळणारा, पोरांनी चार दिवस वाजवून हरवून टाकावयाचा तो तोंडाचा बाजा. त्या बाज्याला ज्याने जॅझ संगीतात मानाचे पान मिळवून दिले, तो हा पुरुष. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी तो ज्या मातीत जन्मला, तिच्याविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत.

बेल्जियम हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा. लोकवस्ती सव्वा कोटीच्या आत. उत्तरेकडे डच बोलणारे फ्लेमिश लोक, दक्षिणेकडे फ्रेंच बोलणारे वालून लोक, आणि पूर्वेच्या टोकाला जर्मन बोलणारी थोडी वस्ती. १९६२ साली कायद्याने दोन भाषांमधली सीमारेषा आखली गेली आणि पुढल्या वर्षी ती अमलात आली. काही गावे इकडची तिकडे गेली, काही तिकडची इकडे आली. फूरों नावाच्या चिमुकल्या खेडेगट्टाचे भांडण तर इतके विकोपास गेले, की १९८७ साली त्यापायी देशाचे सरकार पडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या झळा ज्यांच्या घरादारांनी सोसल्या, त्या आमच्या वाचकांना याहून अधिक फोड करून सांगावयास नको.

ल्यूव्हनचीच कथा घ्या. तेथील विद्यापीठ १४२५ साली स्थापन झालेले. १९६८ साली भाषेच्या वादातून ते दुभंगले. डच विभाग जुन्या गावी राहिला. फ्रेंच विभागासाठी सीमेपलीकडे, शेतजमिनीवर एक नवे गावच वसवावे लागले. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. ग्रंथांवर जे क्रमांक होते, त्यांतले सम एकीकडे आणि विषम दुसरीकडे! ज्या ग्रंथाचे दोन खंड शेजारी शेजारी नांदत होते, त्यांचीही ताटातूट झाली. भावाभावांच्या वाटणीत तांब्याचा हंडा फोडून दोघांनी अर्धा अर्धा नेल्याच्या गोष्टी आपण ऐकतो; पण ग्रंथालयाची अशी वाटणी मी प्रथमच ऐकली. तेथील जुन्या ग्रंथालयाच्या दाराशी उभा राहून ही हकिकत आठवताना, मास्तरकीत हयात घालवलेल्या माणसाच्या पोटात कालवल्यावाचून राहिले नाही.

अशा या देशाची राजधानी ब्रुसेल्स. कायद्याने दोन्ही भाषांची. आणि या राजधानीचा जुना, गरीब, कष्टकरी मोहल्ला म्हणजे मारोल. येथेच २९ एप्रिल १९२२ रोजी झाँ-बाप्तिस्त टीलमान्स याचा जन्म झाला. टूट्स हे पुढे घेतलेले नाव. अमेरिकेतील दोन वादकांच्या टोपणनावांवरून उचललेले. आईबाप मारोलच्या हमरस्त्यावर एक पानगृह चालवीत. त्या रस्त्याला फ्रेंचमध्ये र्‍यू ओत म्हणतात, डचमध्ये होखस्त्रात. अर्थ एकच, उंचावरचा रस्ता. पानगृहाचे नाव होते ‘ट्राप्केन आफ’. म्हणजे ‘पायरी खाली’. हे नाव ना शुद्ध डच, ना फ्रेंच. ते मारोलच्या बोलीतले.

मारोलला जाण्याची मौजेची वाट न्यायमंदिरावरून आहे. ब्रुसेल्सचे न्यायमंदिर म्हणजे टेकडीवर बसवलेला दगडी डोंगरच. १८६६ ते १८८३ अशी सतरा वर्षे त्याचे बांधकाम चालले. रोमच्या सेंट पीटर प्रार्थनामंदिराहून त्याचा विस्तार मोठा आहे, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. त्याच्या दुरुस्तीसाठी १९८० च्या दशकात जी परांची बांधली, ती इतकी वर्षे तशीच उभी राहिली, की पुढे त्या परांचीचीच दुरुस्ती करणे आले. सरकारी कामाची रीत सर्व मुलखांत एकच, हे पाहून अंमळ समाधान वाटले. या इमारतीसाठी मारोलमधील पुष्कळ घरे पाडली गेली, गरिबांना हुसकावून लावले गेले. तेव्हापासून मारोलच्या बोलीत ‘वाकडा वास्तुविशारद’ ही एक सणसणीत शिवी होऊन बसली आहे. इमारतीचा शिल्पकार योसेफ पूलार्ट काम पुरे होण्यापूर्वीच १८७९ साली वारला. त्याचे नाव आज किती जणांना ठाऊक असेल ते असो. शिवी मात्र टिकली. गरिबांची स्मरणशक्ती अशी असते.

न्यायमंदिराच्या चौकातून काचेच्या लिफ्टने खाली उतरले, की आपण मारोलमध्ये येतो. वर काळ्या झग्यातले वकील आणि खाली वाळत घातलेले कपडे. मधले अंतर एका लिफ्टचे. पानगृहाचे घर हुडकण्याचा खटाटोप मी केला नाही. तो उंचावरचा रस्ताच या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालून पाहिला. याच रस्त्यावर चित्रकार ब्रूगेल याचे म्हणून सांगितले जाणारे घर आहे. सोळाव्या शतकात ज्याने शेतकऱ्यांची लग्ने, जेवणावळी आणि नाच रंगवले, त्याचे विवाहमंगल आणि अंत्यविधी रस्त्याच्या टोकाच्या शापेल चर्चमध्ये झाले. जवळच प्लास द्यू झ्यू द बाल नावाचा चौक आहे. १८७३ पासून तेथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि तो आठवड्याचा नव्हे, रोजचा. ‘टिनटिन’च्या चित्रकथा ज्या घरांतील मुलांनी वाचल्या असतील, त्यांना ‘युनिकॉर्नचे रहस्य’ याच बाजारात सुरू होते, हे आठवेल. जमिनीवर चादरी पसरून त्यांवर पितळी घंटा, फुटके पेले, कोणा अज्ञात कुटुंबाचे चौकटीतले छायाचित्र, एकच बूट, असा संसाराचा उरलासुरला पसारा मांडलेला. एका चादरीवर दोन-तीन जुने माउथ ऑर्गनही पडलेले दिसले. पत्रा गंजलेला, आतले लाकूड फुगलेले. विक्रेत्याने भाव सांगितला, मी हसून मान हलवली, त्यानेही हसून मान हलवली. भाषेचा प्रश्नच उद्भवला नाही.

या चौकाच्या पाटीनेही मला बराच वेळ खिळवून ठेवले. फ्रेंच नावाचा अर्थ ‘चेंडूच्या खेळाचा चौक’. त्याखालचे डच नाव फॉसेनप्लाइन, म्हणजे ‘कोल्ह्यांचा चौक’. एक नाव दुसऱ्याचे भाषांतर नव्हेच! एकाच जागेत एका भाषेला चेंडू दिसला, दुसरीला कोल्हा. दोन भाषांच्या शेजारात हेच होते. ज्याला आपण भाषांतर समजतो, त्याच्या पोटात दोन निरनिराळ्या आठवणी असतात.

आता वाद्याविषयी. माउथ ऑर्गन, हार्मोनिका वा तोंडाचा बाजा, काहीही म्हणा. तो आपल्या पेटीचाच धाकटा चुलतभाऊ आहे. दोघांच्याही पोटात पितळेच्या जिभा असतात. पट्टीच्या फटीवर एका टोकाला जखडलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी ती जीभ वाऱ्याने थरथरते आणि सूर निघतो. ही युक्ती मुळात पूर्वेकडची. चीनमधील ‘शेंग’ हे बांबूच्या नळ्यांचे वाद्य अठराव्या शतकात युरोपात पोहोचले आणि मग एकोणिसाव्या शतकात पेटी, ॲकॉर्डियन, माउथ ऑर्गन असे सारे गोत्र जन्मास आले. पेटीत आणि बाज्यात एक मोठा भेद मात्र आहे. पेटीला भाता आहे. बाज्याला भाता म्हणजे वाजवणाऱ्याची छाती. पेटीत वारा एकाच दिशेने जातो. बाजा श्वास सोडतानाही वाजतो आणि घेतानाही वाजतो. गाणाऱ्याला, बासरी वाजवणाऱ्याला श्वास घेण्यासाठी थांबावे लागते. बाजा वाजवणाऱ्याचा आत जाणारा श्वास हादेखील सूरच असतो.

टूट्स जो बाजा वाजवी, त्यास क्रोमॅटिक हार्मोनिका म्हणतात. बारा छिद्रे, प्रत्येक छिद्राच्या वाट्याला चार जिभा, एकूण अठ्ठेचाळीस. उजव्या बाजूस एक कळ. ती दाबली की प्रत्येक सूर अर्ध्या पायरीने वर चढतो. अशा रीतीने पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्यांतले सूर त्या मूठभर डबीत येऊन बसतात. गंमत अशी, की वादकाला वाद्य दिसत नाही. सतारीचे पडदे दिसतात, पेटीच्या पट्ट्या दिसतात. बाज्याची छिद्रे ओठांखाली झाकलेली. सारा कारभार अंधारात, ओठ आणि श्वास यांच्या भरवशावर.

टूट्सने वयाच्या तिसऱ्या वर्षी पानगृहात ॲकॉर्डियन हाती घेतला. पुढे पौगंडावस्थेत एका चित्रपटात लॅरी ॲडलर या अमेरिकन वादकाचा माउथ ऑर्गन त्याने ऐकला आणि स्वतःसाठी एक बाजा मिळवला. हा ॲडलर १९१४ साली बाल्टिमोर येथे जन्मला. बाज्याला वाद्यवृंदाच्या सभागृहात नेऊन बसवणारा आद्य पुरुष तोच. व्हॉन विल्यम्ससारख्या थोर इंग्रज संगीतकाराने त्याच्यासाठी स्वतंत्र रचना केली. अमेरिकेत साम्यवादी म्हणून संशय घेतला गेल्याने त्याला मायदेश सोडून लंडनला बिऱ्हाड करावे लागले आणि तेथेच २००१ साली तो निवर्तला. मोठे सभागृह गाजवूनही हा मनुष्य स्वतःच्या वाद्याला हार्मोनिका न म्हणता माउथ ऑर्गन म्हणणेच पसंत करी. साध्या नावाची त्याला लाज नव्हती.

इतरांना मात्र होती. टूट्सचे वादक मित्र त्याला म्हणत, ‘हे खेळणे टाक आणि खरेखुरे वाद्य घे.’ अमेरिकेतील वादकांची संघटना १९४८ पर्यंत हार्मोनिकाला वाद्य मानावयासच तयार नव्हती. आपल्याकडे पेटीच्या नशिबी तरी निराळे काय आले? १९४० साली नभोवाणीने पेटीला दाराबाहेर काढले. तो दरवाजा किलकिला व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. ज्या वाद्याच्या आधारावर बालगंधर्वांचा जमाना रंगला, त्याची ही कथा. मग जत्रेतल्या बाज्याची काय मातब्बरी!

मित्रांच्या आग्रहाने म्हणा वा दैवयोगाने म्हणा, टूट्सच्या हाती गिटारही आली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो आजारी पडून अंथरुणावर होता. एका मित्राने पैज लावली आणि टूट्सने एकाच तारेवर दहा मिनिटांत चाल बसवून ती गिटार जिंकली. विद्यापीठात गणित शिकणारा हा मुलगा गणित सोडून संगीताकडे वळला तो कायमचा. १९५० साली बेनी गुडमनच्या ताफ्याबरोबर त्याने युरोपचा दौरा केला. १९५२ साली अमेरिका गाठली. १९५३ ते १९५९ जॉर्ज शिअरिंग या अंध पियानोवादकाच्या संचात तो होता. १९६२ साली ‘ब्लूझेट’ ही त्याची स्वतःची चाल निघाली आणि तिने त्याला जगभर नेले. त्या ध्वनिमुद्रणात त्याने बाजा वाजवलाच नाही. गिटार आणि तोंडाची शीळ, दोन्ही एका सुरात. शीळ म्हणजे तरी काय? वाद्याशिवायचा बाजाच की!

‘मिडनाइट काउबॉय’ या १९६९ च्या चित्रपटातील उदास हार्मोनिका त्याचीच. त्याच वर्षी अमेरिकेत दूरदर्शनवर मुलांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाली, तिच्या सुरावटीतला बाजाही त्याचा. ज्या मुलांना जॅझ हा शब्द ठाऊक नाही, त्यांच्या कानांवर त्याचा श्वास रोज पडत राहिला. आपल्या वाचकांनी टूट्स ऐकला नसेल. परंतु हा स्वर त्यांना अगदीच अनोळखी नाही. १९५८ च्या ‘सोलवाँ साल’ चित्रपटात हेमंतकुमारांनी गायिलेल्या ‘है अपना दिल तो आवारा’ या गीतातील बाजा तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता, आणि १९७५ च्या ‘शोले’त संध्याकाळी ओसरीवर बसून जय जी धून वाजवतो, ती भानू गुप्ता यांच्या बाज्याची. दिवे मालवत जाणारी ती विधवा आणि तो स्वर ज्याने एकदा ऐकला, त्याला टूट्सच्या एका प्रसिद्ध उद्गाराचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. तो म्हणे, हसू आणि आसू यांच्यामध्ये जी इवलीशी जागा असते, तेथे मला सर्वांत बरे वाटते.

टूट्सला लहानपणापासून दम्याचा त्रास होता. १९८१ साली अर्धांगाचा झटका आला. डाव्या हाताची बोटे गिटारीला पूर्वीसारखी साथ देईनात. तेव्हापासून खऱ्या अर्थाने बाजाच त्याचा सोबती झाला. ज्याला ‘खेळणे टाक’ म्हणून सांगितले होते, त्याला अखेर त्या खेळण्यानेच तारले. हे वाचताना आमच्या मनात कुमार गंधर्वांची मूर्ती उभी राहावी, यात नवल नाही. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा सुपुत्र, मातृभाषा कन्नड, शिक्षण मुंबईस देवधर मास्तरांकडे, आणि १९४८ पासून बिऱ्हाड माळव्यात देवास येथे. क्षयाने एक फुफ्फुस निकामी केले, काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. पण जो श्वास शिल्लक होता, त्यातूनच त्यांनी गाण्याची निराळी वाट पाडली. दोघांच्या कलेत अंतर आहे, मुलूख निराळे आहेत; परंतु अपुऱ्या श्वासाला ओझे न मानता त्याचेच अलंकार घडवणारी माणसे सर्वत्र एकाच जातकुळीची.

आणखी एक साम्य आहे, आणि माझ्या लेखी तेच महत्त्वाचे. कुमारजी कोणाचे? कर्नाटक म्हणते आमचे, महाराष्ट्र म्हणतो आमचे, माळवा म्हणतो आमचे. भीमसेनजी गदगचे की पुण्याचे? ते अभंगही म्हणत आणि पुरंदरदासांची पदेही. टूट्सचे अगदी असेच आहे. फ्लेमिश दूरचित्रवाणीवरील ‘विट्से’ या मालिकेच्या शीर्षकसंगीतात तो आहे आणि ‘झाँ द फ्लोरेत’ या फ्रेंच चित्रपटातही तोच आहे. २००१ साली बेल्जियमच्या राजाने त्याला बॅरन ही सरदारकी दिली, तेव्हा बोधवाक्य निवडावयाचे होते. मारोलच्या पानगृहात वाढलेल्या या नव्या सरदाराने निवडलेल्या वाक्याचा आशय असा : स्वतःच राहा, त्याहून अधिक नाही, उणेही नाही. हे वाक्य त्याने फ्रेंचमध्येही घेतले नाही आणि डचमध्येही नाही, घेतले इंग्रजीत. कोणत्याही एका पक्षाला दुखवावयाचे नाही, हा मारोलचा शहाणपणा त्यात मला दिसतो.

मारोलची बोली म्हणजे पायाशी डच आणि अंगावर फ्रेंच शब्दांचे दागिने. शाळेने तिला कधी जवळ केले नाही. फ्रेंच शिक्षक तिला गावंढळ म्हणत, डच शिक्षक भेसळ म्हणत. टूट्स मात्र स्वतःला शेवटपर्यंत ‘केट’ म्हणवून घेई. केट म्हणजे ब्रुसेल्सच्या गल्लीतले वांड पोर. हे वाचून मी थोडा अंतर्मुख झालो. आमच्या शाळेत येणारी मुले घरी मराठी, अंगणात कन्नड, वर्गात इंग्रजी बोलतात, आणि एका वाक्यात तिन्ही आणतात. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई ओढणे हे आमचे कर्तव्य. ते सुटत नाही, सुटूही नये. प्रमाण भाषा आली नाही तर पोराला जगाचे दार उघडत नाही. पण मुलाच्या तोंडची मिसळलेली बोली हे अज्ञान नव्हे; तो तीन घरांत वावरल्याचा पुरावा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांनाही हे पटावे. आपली मराठी पुण्यासारखी नाही म्हणून नातेवाइकांत जीभ आवरणारी मुले मी पाहिली आहेत. त्या मुलांना या केटची गोष्ट सांगावी.

अर्थात एकाच्या कीर्तीने बोली वाचत नाही, हेही तेथेच कळले. मारोलमध्ये आज जगातल्या अनेक देशांचे लोक राहतात, आणि ती जुनी बोली बोलणारे वृद्ध दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. १८३० पासून चालत आलेल्या ‘टोन’ या कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहात तिचा आवाज अजून ऐकू येतो. पिंगुळीच्या ठाकरांच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कल्पना येईल, की माणसे विसरू लागलेली भाषा बाहुल्या किती दिवस सांभाळतात.

ब्रुसेल्सचे वाद्यसंग्रहालय हे आम्हां भारतीयांनी मुद्दाम पाहावे असे स्थळ. काळ्या लोखंडी वेलबुट्टीने सजलेल्या १८९९ सालच्या एका जुन्या दुकानाच्या इमारतीत २००० पासून ते आहे. संग्रहालयाची स्थापना १८७७ ची. आणि ज्या संग्रहांवर ते उभे राहिले, त्यांतला एक म्हणजे कलकत्त्याचे शौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७६ साली बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यास भेट पाठवलेली सुमारे शंभर भारतीय वाद्ये! सॅक्सोफोनचा जनक अडोल्फ साक्स हाही बेल्जियमचाच, दिनां गावचा. त्याच्या वाद्यांच्या शेजारघरी आपली वाद्ये नांदताना पाहून ऊर भरून आला. वाद्यांना देशांतराचे कागद लागत नाहीत, हे खरे. पण ती ज्यांनी घडवली, त्या कारागिरांची नावे कोणत्याही पाटीवर, कोणत्याही भाषेत नसतात, हेही तितकेच खरे.

मुक्कामाच्या शेवटल्या आठवड्यात ला उल्प येथे जाऊन आलो. ब्रुसेल्सच्या दक्षिणेस जंगलाच्या कडेला वसलेले हे टुमदार गाव. टूट्सने उत्तरायुष्य येथे घालवले. मार्च २०१४ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, अंगात पूर्वीचे बळ उरले नाही असे सांगून त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले. श्रोत्यांना उतरता स्वर ऐकवावयाचा नाही, हा विवेक थोड्यांनाच साधतो. २२ ऑगस्ट २०१६ रोजी झोपेतच त्याला मरण आले आणि याच गावच्या भूमीत त्याला विसावा मिळाला. गाव वालून मुलखात मोडते. शीव ओलांडली की फ्लेमिश मुलूख लागतो. दोन भाषांच्या मधोमध जन्मलेला मनुष्य अखेरही त्यांच्या सीमेलगतच निजला आहे. दफनभूमीत त्या दुपारी माझ्याखेरीज कोणी नव्हते. झाडांत वारा होता. वाऱ्याला तेथे कोणी अडवीत नाही.

आता या वाद्याच्या जगातील ख्यालीखुशाली. २०२२ साली टूट्सच्या जन्मशताब्दीनिमित्त ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयाने त्याच्यावर मोठे प्रदर्शन भरवले होते. शहरातील नियोजित तिसऱ्या भुयारी रेल्वेमार्गावरील एका स्थानकास त्याचे नाव द्यावयाचे ठरले आहे. परंतु तेथील जमीन भुसभुशीत निघाल्याने काम रेंगाळले. जर्मनीतील ट्रोसिंगेन हे तर बाज्याचे माहेरघरच. १८५७ साली माथियास होनर या घड्याळजीने तेथे बाजे करण्यास आरंभ केला आणि पहिल्या वर्षी ६५० नग तयार केले. तेथील हार्मोनिका संग्रहालय आता होनरच्याच जुन्या कारखान्याच्या इमारतीत नांदते आहे. याच गावी २००१-०२ च्या हिवाळ्यात उत्खननात सहाव्या शतकातील एका योद्ध्याची कबर सापडली. त्याच्या कुशीत लाकडी तंतुवाद्य होते! बाज्याच्या गावाला संगीताचा वारसा चौदाशे वर्षांचा निघाला. टूट्सच्या मागून आलेल्यांत जिनिव्हाचा ग्रेग्वार मारे आणि हॉलंडची हेर्मिने द्यूरलो ही नावे आदराने घेतली जातात. काही देशांत श्वसनाच्या विकारातून उठलेल्यांना व्यायाम म्हणून बाजा वाजवावयास देतात. दमेकरी टूट्सला हे ऐकून गालातल्या गालात हसू आले असते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या खणात, जुन्या किल्ल्या आणि बंद पडलेली घड्याळे यांच्यासोबत, एखादा बाजा पडून असेल. कोणा काकांनी, मामांनी तरुणपणी हौसेने घेतलेला. तो काढावा, स्वच्छ फडक्याने पुसावा आणि घरातील मुलाच्या हाती द्यावा. पहिले काही दिवस घरात कर्कश कल्लोळ होईल, तो सोसावा. पोर चुकेल तेव्हा हसू नये. सोडलेला श्वास एक सूर देतो, घेतलेला दुसरा. दोन्ही मिळून चाल होते, एवढे त्याला कळले की पुढचे ते आपले आपण शोधील.